शिष्यवृत्तीसाठी झगडणारे डॉक्टर

कायद्याने मंजूर झालेली शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या हाती वेळेवर पडतेच असे नाही. हे अंतर मिटवण्यासाठी अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका डॉक्टरने आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. हेक्टर गार्सिया. अमेरिकेतील लॅटिनो, म्हणजेच लॅटिन अमेरिकी वंशाच्या समाजात हे नाव आजही आदराने घेतले जाते.

गार्सिया यांचा जन्म १७ जानेवारी १९१४ रोजी मेक्सिकोत झाला. आई-वडील दोघेही शिक्षक. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १९१७ मध्ये हे कुटुंब टेक्सासमधील मर्सिडीज गावी आले. वडिलांनी तेथे दुकानदारी पत्करली. पण मुलांनी शिकलेच पाहिजे, हा आग्रह सोडला नाही. एडिनबर्ग येथील महाविद्यालय ३० मैलांवर. हेक्टर रोज वाटेतल्या मोटारींना हात करून तेथे पोहोचत. या शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी वडिलांनी आपला आयुर्विमा मोडला. हेक्टर १९४० मध्ये डॉक्टर झाले. त्यांच्यासह सहा भावंडांनी वैद्यकीय पदवी मिळवली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युरोपात लष्करी सेवा बजावली. १९४६ मध्ये त्यांनी कॉर्पस ख्रिस्ती शहरात दवाखाना थाटला. गरिबांकडून ते अनेकदा पैसेही घेत नसत. तेथे येणाऱ्या माजी सैनिकांची दुखणी मात्र केवळ शरीराची नव्हती. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्यांना महाविद्यालयीन शुल्कापोटी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत मदत आणि निर्वाहभत्ता मिळणार होता. प्रत्यक्षात मेक्सिकन वंशाच्या सैनिकांचे धनादेश रखडत. उपचारांसाठीही त्यांना ताटकळावे लागे.

२६ मार्च १९४८ रोजी गार्सिया यांनी या सैनिकांना एकत्र आणून 'अमेरिकन जीआय फोरम' ही संघटना स्थापन केली. पुढच्याच वर्षी युद्धात मरण पावलेले सैनिक फेलिक्स लोंगोरिया यांच्या अंत्यविधीसाठी, ते मेक्सिकन वंशाचे म्हणून, टेक्सासमधील थ्री रिव्हर्स गावात जागा नाकारली गेली. गार्सियांनी आवाज उठवला. सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी लक्ष घातल्यावर लोंगोरिया यांचे आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी इतमामाने दफन झाले. या घटनेने संघटना देशभर पोहोचली. वेगळ्या शाळांविरुद्ध न्यायालयीन लढा, मुलांची शाळेतील गळती रोखण्याची मोहीम आणि शिष्यवृत्त्यांसाठी निधी उभारणे ही तिची कामे झाली. शिक्षण हेच स्वातंत्र्य, ही तिची धारणा होती.

१९६८ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगावर नेमले गेलेले ते पहिले मेक्सिकन-अमेरिकन ठरले. १९८४ मध्ये त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २६ जुलै १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

कॉर्पस ख्रिस्तीच्या विद्यापीठात आज त्यांचा पुतळा आहे आणि त्यांची कागदपत्रेही तेथेच जतन केलेली आहेत. एका बापाला मुलाच्या शिक्षणासाठी विमा मोडावा लागला होता. ती वेळ इतरांवर येऊ नये, म्हणून तो मुलगा अखेरपर्यंत झटला.