वसईविजेते श्रीमंत चिमाजीअप्पा

थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू श्रीमंत चिमाजीअप्पा प्रकृतीने नाजूक, खोकल्याने बेजार असत. १७२८ साली अमझेऱ्याच्या रणात मोगलांच्या माळवा सुभ्याचे बळ त्यांनी मोडले. परंतु त्यांची कीर्ती अजरामर झाली ती वसईमुळे.

वसई १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांस दिली. सत्तेमागोमाग त्यांचा धर्मही आला. गोव्यात देवळे पडली, १५६० मध्ये धर्मन्यायालय बसले आणि त्याचा हात वसई-साष्टीपर्यंत पोहोचला. उघड पूजाअर्चा व लग्नविधी यांस बंदी झाली. आईबापांवाचून पोरके झालेले हिंदू मूल पाद्र्यांच्या हवाली करावे, असा राजाचा हुकूम १५५९ सालीच निघाला होता. पुढे नुसता बाप वारला तरी, आई जिवंत असता, मूल नेत. घरातील मृत्यूपेक्षा त्यानंतर दारात येणाऱ्या शिपायाचीच धास्ती अधिक!

अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या मंडळींनी पेशव्यांकडे खेटे घातले. १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे घेतले. वसईने मात्र दोन वर्षे झुंजविले. उत्तरेत नादिरशहा दिल्लीत शिरला, तरी अप्पांनी वेढा उठविला नाही. सुरुंग लावून तट फोडला, हजारो माणसे पडली, आणि १७३९ च्या मे महिन्यात किल्ला शरण आला.

विजयानंतर अप्पांनी काय केले, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. शत्रूस बायकामुले व चीजवस्तू घेऊन आठ दिवसांत निघून जाण्याची मुभा दिली. जे ख्रिस्ती मागे राहिले त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक आणि तीन चर्चे राखण्याची हमी तहात लिहून दिली. वसईचे ख्रिस्ती आजही तेथेच नांदतात व घरी मराठीच बोलतात. चर्चच्या घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून देवळांत गेल्या. भीमाशंकरास जाणाऱ्या भाविकांनी १७२९ साल कोरलेली अशी एक घंटा पाहिली असेल. वज्रेश्वरीचे देऊळही अप्पांच्या नवसाचे, अशी परंपरा आहे.

१७४० च्या एप्रिलात बाजीराव गेले. डिसेंबरात अप्पाही गेले. वय तेहतिसाच्या आसपास. पुण्यात ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे. गोव्याचे धर्मन्यायालय, १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालूच राहिले.