शोजी हमादा : सही न करणारा कुंभकार

जगभरातील संग्रहालयांत ज्यांची भांडी आज मानाने मांडली जातात, त्या जपानी कुंभकार शोजी हमादा यांनी आयुष्याचा बहुतांश काळ आपल्या भांड्यांवर सही केली नाही. भांडे नावाने नव्हे, तर घाट, पोत आणि झिलई यांवरून ओळखले जावे, अशी त्यांची धारणा होती.

हमादा यांचा जन्म ९ डिसेंबर १८९४ रोजी कावासाकी येथे झाला. टोकियोत त्यांनी मृत्तिकाशास्त्राचे तांत्रिक शिक्षण घेतले. पुढे क्योतोच्या संशोधन संस्थेत कांजिरो कावाई यांच्यासह झिलईचे हजारो प्रयोग केले. १९२० मध्ये ते ब्रिटिश कुंभकार बर्नार्ड लीच यांच्याबरोबर इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज येथे गेले आणि तेथे दोघांनी जपानी पद्धतीची चढती भट्टी उभारली. दिल्लीतील निळ्या मृत्पात्रांचे प्रवर्तक सरदार गुरचरण सिंग यांचाही लीच यांच्याशी परिचय जपानमधील शिक्षणाच्या काळातच झाला होता.

१९२३ च्या भीषण भूकंपानंतर हमादा मायदेशी परतले. लंडनमध्ये प्रदर्शन भरवलेला हा कलावंत स्थिरावला तो टोकियोच्या उत्तरेकडील माशिको या खेड्यात. रांजण, चहादाण्या अशी स्वयंपाकघरातील भांडी घडवणारे हे गाव. येथील माती भरड होती. नाजूक घाट तिला पेलत नसे. उत्तम माती बाहेरून आणण्याऐवजी हमादा यांनी घाटच मातीला साजेसे केले. जाड काठ, भक्कम बूड आणि बोटांच्या खुणा राखणारा पृष्ठभाग ही त्यांच्या भांड्यांची लक्षणे ठरली.

झिलईसाठीही त्यांनी गावातलीच सामग्री वापरली. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका विपुल असल्याने तिच्यापासून दुधाळ पांढरी झिलई मिळे. स्थानिक लोहयुक्त दगडाच्या भुकटीतून ‘काकी’ फळाच्या रंगाची तांबूस तपकिरी झिलई तयार होई. ओगराळ्याने झिलई ओतून ते क्षणार्धात नक्षी उमटवत. तिथे दुरुस्तीला वाव नसे. १९५० च्या दशकात त्यांनी मिठाची झिलईही हाताळली. तापलेल्या भट्टीत टाकलेल्या मिठाची वाफ मातीतील सिलिकाशी संयोग पावते आणि भांड्यावर संत्र्याच्या सालीसारखा पोत उमटतो.

सोएत्सु यानागी आणि कावाई यांच्यासह हमादा यांनी लोककला चळवळीचा पाया घातला. यंत्रनिर्मित वस्तूंच्या रेट्यात रोजच्या वापरातील हस्तनिर्मित वस्तूंना प्रतिष्ठा मिळवून देणे, हे तिचे उद्दिष्ट होते. १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा बहुमान दिला. देशोदेशींच्या लोककलेचा आपला संग्रह त्यांनी १९७७ मध्ये माशिको येथील संग्रहालयाद्वारे लोकांसाठी खुला केला. ५ जानेवारी १९७८ रोजी माशिको येथेच त्यांचे निधन झाले.

रांजण घडवणारे हे खेडे आज जपानमधील कुंभकलेचे प्रमुख केंद्र आहे. परगावाहून आलेल्या अनेक कुंभकारांनी तेथे चाके मांडली आहेत. हमादा यांची बिनसहीची भांडी मात्र अभ्यासकांना आजही झिलईच्या ओघावरून आणि बुडाच्या घडणीवरूनच पारखावी लागतात.