मालवणचा रामकृष्ण, जगाचा डॉ. भांडारकर

मालवण : नोकरी-शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या आपल्या पोरांना डेक्कनजवळचा भांडारकर रस्ता माहीत असतो. भांडारकर संस्थेचं नावही कानावर असतं. पण हे भांडारकर आपल्या मालवणात जन्मले, हे किती जणांना ठाऊक आहे? 6 जुलै 1837 रोजी मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुढे संस्कृतचे जगभर मानले गेलेले पंडित झाले. पंडित बरेच होऊन गेले. हा माणूस वेगळा ठरला तो एका गोष्टीमुळे. ग्रंथात वाचलेलं जे पटलं, ते त्यांनी आधी आपल्या घरात करून दाखवलं.

कारकुनाच्या घरातला मुलगा

वडील गोपाळराव महसूल खात्यात साधे कारकून होते. घरची श्रीमंती नव्हती. मालवण त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो 1981 साली. मालवणात तेव्हा इंग्रजी शिकायची सोय नव्हती. 1847 च्या सुमारास वडिलांची बदली रत्नागिरीला झाली आणि दहा वर्षांच्या रामकृष्णाला तिथल्या सरकारी इंग्रजी शाळेची वाट सापडली. ती बदली झाली नसती तर हा मुलगा कदाचित मालवणच्या कचेरीतच लिहीत बसला असता.

1853 मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तिथे दादाभाई नौरोजी त्यांना गणित शिकवायला होते. भांडारकरांची पहिली आवड गणिताचीच होती. संस्कृतकडे ते नंतर वळले, तेही शिक्षण खात्यातल्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून. वय विशीच्या पुढे गेलेलं असताना त्यांनी शास्त्री-पंडितांकडे बसून व्याकरण आणि न्याय शिकायला घेतलं. 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते आणि आपले भांडारकरही होते.

संस्कृत सोपं केलं

पुढे सिंधमधल्या हैदराबादला आणि मग रत्नागिरीला ते हायस्कूलचे हेडमास्तर झाले. रत्नागिरीच्या ज्या गावात ते शिकले, तिथेच शिकवायला आले. त्या वेळी संस्कृत शिकायचं म्हणजे आधी रूपावली आणि अमरकोश घोकायचा, अर्थ नंतर. पोरं कंटाळून सोडून द्यायची. भांडारकरांनी संस्कृतची दोन पाठ्यपुस्तकं लिहिली. एका धड्यात थोडंसंच व्याकरण, थोडे शब्द, लगेच वाक्यं आणि त्यांचा सराव. ही पुस्तकं पुढे कित्येक पिढ्यांनी वापरली आणि ती आजही छापली जातात.

एल्फिन्स्टन कॉलेजात ते संस्कृतचे हंगामी प्रोफेसर झाले. काम चांगलं होतं, नावही झालं होतं. पण जागा कायम भरायची वेळ आली तेव्हा विलायतेहून पीटर पीटरसन यांना आणण्यात आलं आणि भांडारकरांना त्यांच्या हाताखाली काम करावं लागलं. दुसरा कोणी असता तर खचला असता. भांडारकर वाचत राहिले, लिहीत राहिले. 1882 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्रोफेसर म्हणून त्यांना हक्काची जागा मिळाली. 1885 मध्ये जर्मनीच्या गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. दुसऱ्या वर्षी व्हिएन्नाला जगभरच्या पंडितांची परिषद भरली, तिला ते हजर राहिले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणारे लोक तेव्हा गावोगाव होते.

1893 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या विद्यापीठाची पहिली पदवी घेतली, त्याच विद्यापीठाच्या खुर्चीवर ते बसले. 1911 मध्ये सरकारने त्यांना सर ही पदवी दिली.

दगडावरची अक्षरं वाचणारा

आपल्या मुलखाचा जुना इतिहास तोपर्यंत बराचसा दंतकथांवर चालायचा. भांडारकरांनी ताम्रपट, शिलालेख, जुनी नाणी आणि पोथ्या एकमेकांशी ताडून पाहिल्या. कुठला राजा कधी झाला, कोणाच्या मागून कोण आला, याची साखळी त्यांनी जुळवली. सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव या घराण्यांचा दक्षिणेचा इतिहास त्यांनी 1884 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. पुरावा असेल तेवढंच बोलायचं, हा त्यांचा नियम होता. आपल्याला आवडतं म्हणून खरं मानायचं नाही आणि साहेब म्हणतो म्हणूनही नाही.

परीक्षा घरातच झाली

तरुणपणी मुंबईत त्यांचा परमहंस सभेशी संबंध आला. ही मंडळी जातिभेद मानत नसत आणि ते दाखवायला एकत्र बसून पाव खात. आज सकाळच्या चहाबरोबर आपण जो पाव खातो, तो खाल्ला म्हणून तेव्हा जातीतून वाळीत टाकलं जायचं. पुढे भांडारकर प्रार्थना समाजात गेले आणि शेवटपर्यंत तिथे राहिले.

विधवांचं लग्न व्हावं असं भाषणात सांगणारे त्या काळी बरेच होते. स्वतःच्या घरात वेळ आली की त्यातले कितीतरी मागे सरायचे. भांडारकरांची मुलगी लहान वयात विधवा झाली. 1891 मध्ये त्यांनी तिचं दुसरं लग्न लावून दिलं. जातीतले लोक चिडले, पण ते डगमगले नाहीत. एका बापासमोर शास्त्र, समाज आणि लेक असे तिघे उभे होते. त्यांनी लेकीचा हात धरला, आणि शास्त्रही तिच्या आड येत नाही हे जुने ग्रंथ काढून दाखवलं.

त्याच वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून मोठा वाद पेटला. मुलींसाठीची वयाची अट दहावरून बारा वर्षं करायची होती. हा धर्मात हात घालणं आहे असं लोकमान्य टिळकांसह अनेकांचं म्हणणं होतं. भांडारकरांनी धर्मग्रंथांचे आधार देऊन सांगितलं की या कायद्याने धर्माला काही बाधा येत नाही. कायदा झाला.

1884 मध्ये पुण्यात मुलींसाठी हुजूरपागा शाळा निघाली, तिच्या उभारणीत रानडे आणि वामन आबाजी मोडक यांच्याबरोबर भांडारकर होते. 1912 मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी पुण्यात अस्पृश्यता निवारणाची परिषद भरवली, तेव्हा पंचाहत्तरीचे भांडारकर तिचे अध्यक्ष म्हणून बसले.

पोथ्यांचं घर

6 जुलै 1917 रोजी, त्यांच्या 80 व्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली. आयुष्यभर जमवलेली आपली पुस्तकं त्यांनी संस्थेला देऊन टाकली. सरकारने गावोगाव फिरून गोळा केलेल्या हस्तलिखितांचा मोठा साठाही नंतर तिथे आला. आज तिथे सुमारे 28 हजार हस्तलिखितं आहेत.

या संस्थेचं सगळ्यात मोठं काम महाभारताचं. दशावतारात एकच आख्यान प्रत्येक कंपनी थोडं वेगळं लावते, तसंच महाभारताच्या पोथ्यांचं झालं होतं. काश्मीरची पोथी वेगळी, केरळची वेगळी. नकल करणाऱ्यांनी मधे मधे भर घातलेली. मूळ कोणतं ते शोधायला देशभरातल्या 1259 पोथ्या ओळीला ओळ लावून तपासल्या गेल्या. 1919 मध्ये या कामाची पहिली ओळ भांडारकरांच्या हातून लिहिली गेली. काम पुरं झालं 1966 मध्ये. सुरुवात करताना ते 81 वर्षांचे होते. शेवट आपल्याला दिसणार नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. माड लावणारा म्हातारा नारळ खायला मिळतील की नाही याचा हिशोब करत नाही, त्यातलीच ही गोष्ट.

24 ऑगस्ट 1925 रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, डॉ. भांडारकर गेले. या गोष्टीला आता शंभर वर्षं उलटली. दरवर्षी चतुर्थीला चाकरमानी गावी येतात, दुसऱ्या दिवशी घराघरात ऋषीची भाजी शिजते. तोच दिवस मालवणच्या या सुपुत्राच्या पुण्यतिथीचा. आणि कोणाच्या माळ्यावर जुन्या पेटीत कापडात बांधलेली एखादी पोथी पडली असेल, तर ती पाण्यात सोडण्याआधी जाणत्या माणसाला जरूर दाखवा. भांडारकरांनी असल्याच पोथ्यांतून देशाचा इतिहास उभा केला.