हॉलंड मास्तरांची पाणबुडी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, पण पाणी आणि पार्किंग हे दोन विषय सोडून, असं समितीने बजावलं होतं. पार्किंग सोडलंय. पाणी मात्र सुटलं नाही, त्याबद्दल माफी असावी. जन्मभर शाळेत खडू घासला, म्हणून एका मास्तरांचीच गोष्ट सांगतो.

माझगाव गोदीत बांधलेली 'कलवरी' पाणबुडी २०१७ साली नौदलात दाखल झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर ती पाहिली असेल. पाण्यावर असताना इंजिनाने बॅटऱ्या भरायच्या आणि पाण्याखाली त्या बॅटऱ्यांवर चालायचं, ही तिची मूळ रीत. ही रीत ज्यांनी पहिल्यांदा नीट जमवून दाखवली ते जॉन फिलिप हॉलंड. ना नौदलातले, ना इंजिनीअरिंग शिकलेले. प्राथमिक शाळेचे मास्तर.

जन्म १८४१ चा, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लिस्कॅनर गावी. वडील किनारारक्षक दलात, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या चाकरीत. घरातली भाषा आयरिश, इंग्रजी शाळेत गेल्यावर आली. पोरगा चार-पाच वर्षांचा असताना बटाट्यावर रोग पडला आणि तो मोठा दुष्काळ आला. माणसं उपाशी मरत होती आणि बंदरांतून धान्याची जहाजं इंग्लंडला जातच होती. त्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाच्या मनात इंग्रजांबद्दल काय साठलं असेल, ते आपल्याला समजायला अवघड नाही.

१८५८ साली ते ख्रिश्चन ब्रदर्स या शिक्षकी पंथात गेले आणि पुढची पंधरा वर्षं आयर्लंडच्या निरनिराळ्या गावांत मुलांना शिकवलं. कॉर्क शहरात असताना अमेरिकेतल्या यादवी युद्धाची बातमी आली. दोन चिलखती जहाजं समोरासमोर उभी राहून तासन् तास तोफा डागत होती आणि कुणीच बुडत नव्हतं. चष्मेवाल्या मास्तरांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. इंग्रजांचं आरमार आता लोखंडी होणार, त्याला समोरून कुणी हात लावू शकणार नाही. मग खालून गेलं तर?

१८७३ मध्ये प्रकृतीच्या कारणाने पंथ सोडून ते अमेरिकेला गेले. बोस्टनला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत बर्फावरून पाय घसरला आणि मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी जुना आराखडा काढून पुन्हा तपासला. पुढे न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी शाळेत नोकरी धरली आणि १८७५ साली आराखडा अमेरिकन नौदलाकडे पाठवला. नौदलाने तो बाजूला सारला.

पैसे आले ते वेगळ्याच खिशातून. आयर्लंड स्वतंत्र करायला निघालेल्या फेनियन क्रांतिकारकांची अमेरिकेत मोठी संघटना होती. गरीब आयरिश मजूर, मोलकरणी यांच्याकडून वर्गणी गोळा होत असे. मास्तरांचा भाऊ मायकेल याची तिकडे ओळख होती. त्या वर्गणीतून १८७८ च्या मे महिन्यात पॅटर्सनच्या पसेइक नदीत चौदा फुटी होडी सोडली, ती लोकांच्या देखत सरळ तळाशी गेली! गोड्या पाण्यात वस्तू खाऱ्या पाण्यापेक्षा कमी तरंगते, तो हिशोब चुकला होता. (आठवीच्या विज्ञानातला धडा. मास्तरही चुकतात.) दुरुस्ती केली, तर पेट्रोलचं इंजिन चालेना. शेवटी बाजूच्या बोटीतून रबरी नळीने वाफ आणून काम भागवलं. होडी बुडाली, वर आली, पुन्हा बुडाली. फेनियन पुढारी खूश.

पुढची होडी १८८१ ची, एकतीस फूट लांब, तीन माणसांची. तिला लोक 'फेनियन रॅम' म्हणू लागले. तिच्यातली खरी युक्ती सांगायलाच हवी. आपल्याकडे पाण्याचा टँकर अर्धा रिकामा झाला की वळणावर कसा हेलकावे खातो, ते आपण सर्वांनी पाहिलंय. आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि टँकरला ओढतं. आधीच्या पाणबुड्या बुडण्यासाठी टाक्यांत असंच अर्धंमुर्धं पाणी घेत, मग ते पुढे-मागे धावे आणि होडी नाकावर उभी राही. हॉलंड यांनी टाक्या काठोकाठ भरल्या, म्हणजे आत डुचमळायला जागाच नाही. तरीही होडी पाण्यापेक्षा किंचित हलकी ठेवली. खाली जायचं ते वजनाने नव्हे, तर चालत्या वेगात शेपटीजवळच्या आडव्या सुकाणूने, माशासारखं. काही बिघडलं तर होडी आपोआप वर येणार. माणसं वाचवण्याचा विचार या मांडणीतच आहे.

पण १८८३ च्या नोव्हेंबरात फेनियन मंडळींत पैशांवरून भांडण पेटलं. कोर्टकचेरीत होडी जप्त होईल या भीतीने त्यांच्याच एका गटाने रात्री ती टगबोटीला बांधून पळवली. चालवता कुणालाच येईना. हॉलंड यांना न विचारता नेली होती, त्यांनीही मग मदत करायला साफ नकार दिला. जी होडी इंग्रजांची जहाजं बुडवायची ती न्यू हेवनच्या एका शेडमध्ये धूळ खात पडली. (अशी भांडणं पाहायला अमेरिकेलाच जावं लागतं असं नाही, पण तो विषय वार्षिक सभेत.)

मधली बारा-चौदा वर्षं ओढाताणीची. लग्न झालं, मुलं झाली. नौदलाच्या स्पर्धा जिंकल्या तरी पैसे मिळेनात. शेवटी नौदलाने काम दिलं ते वाफेच्या इंजिनाची अट घालून. बंद होडीत बॉयलर! आत माणूस उभा राहू शकेना. ते प्रकरण फसलं आणि हॉलंड यांनी कंपनीच्या खर्चाने स्वतःच्या मनासारखी 'हॉलंड सहा' बांधली. ती १८९७ मध्ये पाण्यात उतरली. १७ मार्च १८९८ ला, आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिकच्या सणादिवशी, तिने बुडी मारली आणि ११ एप्रिल १९०० रोजी अमेरिकन नौदलाने ती दीड लाख डॉलरला विकत घेतली.

आणि त्याच वर्षी दुसरं गिऱ्हाईक आलं. ब्रिटन.

पाणबुडी म्हणजे दुबळ्यांचं, चोरटं हत्यार अशी तिथल्या आरमारी साहेबांची समजूत होती. पण फ्रेंच पाणबुड्या बांधत होते, तेव्हा निदान ओळख असावी म्हणून पाच हॉलंड होड्यांची मागणी नोंदवली गेली. पेटंटं कंपनीच्या नावावर, कंपनी आता आयझॅक राइस या धनिकाच्या हाती. त्यांनी व्हिकर्सशी करार केला आणि २ ऑक्टोबर १९०१ ला बॅरो इथे 'हॉलंड एक' गुपचूप पाण्यात उतरली. ज्यांना बुडवायला ही कल्पना निघाली, त्यांच्याच आरमारात त्या आयरिश मास्तरांच्या नावाची होडी.

तिच्यात आठ माणसं बसत. शौचालय नाही. पेट्रोलचा वास आणि विषारी धूर. म्हणून पिंजऱ्यात पांढरे उंदीर नेत, ते कोसळले की माणसांनी समजायचं. प्रमुख अधिकारी रेजिनल्ड बेकन यांनी पेरिस्कोप बसवला, पण त्यातून एका वेळी एकाच दिशेला दिसे. १८ मार्च १९०४ रोजी त्यापुढची मोठी पाणबुडी 'ए-१' सरावात 'जुनो' या क्रूझरवर नजर ठेवून होती. मागून 'बर्विक कॅसल' ही प्रवासी बोट आली आणि तिच्यावरून गेली. बोटीवरच्यांना वाटलं, सरावाचा टॉर्पेडो लागला. आतले अकराही जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत 'ए-५' मध्ये पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊन सहा जण गेले. हा स्फोट झाला क्वीन्सटाउन बंदरात, म्हणजे हॉलंड जिथे शिकवत होते त्या कॉर्कच्या दाराशीच. त्याच जूनमध्ये प्लिमथजवळ 'ए-८' बुडाली, पंधरा जण. ही मुलं स्वखुशीने भरती झालेली, थोडा जादा पगार मिळे म्हणूनही.

'ए-१' बुडाली त्याच मार्चमध्ये हॉलंड यांनी आपल्याच कंपनीचा राजीनामा दिला. त्यांच्या आराखड्यांत आता दुसरेच बदल करत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. नवा धंदा काढू गेले, तर जुन्या कंपनीने कोर्टात खेचलं. जपानने मात्र त्यांच्या आराखड्यावर दोन होड्या बांधल्या आणि त्यांना सन्मानपदक दिलं. त्याच १९०४ साली त्यांनी आणखी एक वस्तू तयार केली, तिचा उल्लेख फारसा होत नाही: बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर पडताना खलाशाला श्वास घेता यावा यासाठीचं उपकरण. आपल्या नावाच्या होड्यांत कुणाची मुलं आहेत हे त्यांनी विचारलं नव्हतं, असं मला या एका गोष्टीवरून वाटतं.

१२ ऑगस्ट १९१४ ला न्यूआर्कमध्ये न्यूमोनियाने ते गेले. महायुद्ध सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते. बरोबर एक्केचाळीस दिवसांनी, २२ सप्टेंबरला, जर्मनीच्या 'यू-९' या एका पाणबुडीने सकाळच्या दीड तासात तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. साडेचौदाशेच्या आसपास माणसं गेली. तरुणपणी मास्तरांनी पाहिलेलं स्वप्न ते हेच, फक्त चालवणारे दुसरे होते.

त्यांच्या पहिल्या दोन्ही होड्या आज पॅटर्सनच्या संग्रहालयात आहेत. 'हॉलंड एक' १९१३ मध्ये भंगारात विकली, ओढून नेताना एडिस्टोन दीपगृहाजवळ बुडाली, १९८२ साली वर काढली आणि आता गॉस्पोर्टला ठेवली आहे. वाकून आत जाता येतं. जानेवारी १९१४ मध्ये, मास्तर हयात असताना, व्हिट्सँड उपसागराच्या चिखलात रुतलेली 'ए-७' मात्र महिनाभर खटपट करूनही निघाली नाही. ती तिथेच आहे, आणि तिच्यातली अकरा माणसंही.