रॉबर्ट ओवेन व न्यू लॅनार्कचे कामकरी

रॉबर्ट ओवेन यांचा जन्म वेल्समधील न्यूटाउन या लहानशा गांवीं ता. १४ मे १७७१ रोजीं झाला. वडिलांचा धंदा खोगिरें व लोखंडी सामान विकण्याचा. दहाव्या वर्षीं घर सोडून मुलगा कापडाच्या दुकानीं उमेदवार राहिला, आणि विशीच्या सुमारास मँचेस्टर येथें ५०० कामकऱ्यांच्या सूतगिरणीचा व्यवस्थापक झाला. परंतु आम्हांस वाचकांपुढें मांडावयाची आहे ती याच्या पुढील हकीकत.

स्कॉटलंडांत क्लाइड नदीच्या कांठीं न्यू लॅनार्क येथें डेव्हिड डेल यांच्या गिरण्या होत्या. १७९९ सालीं ओवेन व त्यांचे भागीदार यांनीं त्या ६०,००० पौंडांस विकत घेतल्या. त्याच वर्षीं डेल यांच्या कन्येशीं ओवेन यांचा विवाह झाला, व १८०० च्या जानेवारीपासून कारभार त्यांच्या हातीं आला. वस्ती सुमारें २,००० ची; त्यांत ५०० च्या आसपास मुलें अनाथालयांतून आणलेलीं. डेल दयाळू खरे, पण त्यांचें राहणें बहुधा ग्लासगोस. गांवांत चोरी, दारू व भांडणें यांचा सुळसुळाट झाला होता. त्यांत नवा मालक परमुलखाचा, त्याची बोलीही निराळी. हा आपणांकडून अधिक काम पिळून घेण्यास आला आहे, अशी लोकांची समजूत झाली. आणि त्या काळच्या गिरणीमालकांची रीत पाहतां ती वावगी होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. दोन वर्षेंपर्यंत त्यांच्या प्रत्येक सुधारणेस विरोध झाला.

ओवेन यांनीं चोरांमागें शिपाई लावले नाहींत. माल कोठें कमी झाला हें तत्काळ कळावें असा चोख हिशेब मात्र सुरू केला. मारहाणीस बंदी केली. गांवांतील दुकानदार हलका माल चढ्या दरानें उधारीवर देत; त्याऐवजीं रोखीनें घाऊक घेतलेला चांगला माल स्वस्त मिळेल असें दुकान काढलें. प्रत्येकाच्या कामाच्या जागीं लाकडाचा एक चौकोनी ठोकळा टांगला. त्याच्या चार बाजूंस काळा, निळा, पिवळा व पांढरा असे रंग असत, आणि आदल्या दिवसाची वागणूक जशी, तसा रंग पुढें येई. मुकादमानें अन्याय केला असें वाटल्यास थेट ओवेन यांजकडे दाद मागतां येई. (असा ठोकळा आपल्या बांकावर टांगलेला किती विद्यार्थ्यांस रुचेल, याची आम्हांस शंकाच आहे!)

एवढें करूनही संशय फिटला नाहीं. स्वस्त धान्य व गोड शब्द यांच्या मुळाशीं मालकाचाच लाभ असावा, असें गरिबास वाटणें साहजिक आहे. १८०७ च्या सुमारास अमेरिकेनें आपल्या बंदरांतून माल बाहेर जाऊं देणें बंद केलें, तेव्हां कापसाचे भाव कडाडले. पुष्कळ मालकांनीं गिरण्या बंद करून माणसांस घरीं बसविलें. ओवेन यांनींही यंत्रें थांबविलीं, पण एकासही काढलें नाहीं. यंत्रें पुसून स्वच्छ ठेवणें एवढेंच काम, आणि मजुरी पुरी! असे चार महिने गेले. एका पैचीही कपात न होतां ७,००० पौंडांहून अधिक रक्कम लोकांच्या हातीं पडली. आतां संशयास जागा कोठें उरली? मालकानें स्वतः तोटा सोसलेला सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिला होता. तेथून पुढें ओवेन यांचे बेत निर्वेध चालले.

भागीदारांस मात्र हा खर्च खुपूं लागला. अखेर १८१३ सालीं ग्लासगो येथें गिरण्यांचा लिलाव झाला. जुन्या भागीदारांविरुद्ध बोली चढवीत ओवेन यांनीं नव्या सहकाऱ्यांसह त्या १,१४,१०० पौंडांस घेतल्या. ही वार्ता येतांच न्यू लॅनार्कच्या घराघरांत खिडक्यांतून दिवे लागले. ओवेन परत आले तेव्हां लोकांनीं गाडीचे घोडे सोडले व, ते नको म्हणत असतां, ती स्वतः ओढीत नेली.

१८१६ च्या आरंभीं तेथें मोठें विद्यालय उघडलें. दहा वर्षांखालील मुलांस गिरणींत न घेतां तेथें शिकवीत. पुढें अमेरिकेंत न्यू हार्मनी येथें आदर्श वसाहत स्थापण्याचा ओवेन यांचा प्रयत्न फसला व त्यांत त्यांची बरीचशी संपत्ति गेली. ता. १७ नोव्हेंबर १८५८ रोजीं न्यूटाउन येथेंच ते वारले. न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ पर्यंत चालू होत्या.