कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

यंत्रांची आवड असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस शेती हे आपले क्षेत्र नव्हे असे वाटते; त्यांच्या पालकांसही तसेच वाटते. म्हणून हे चरित्र सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लक्ष्मणराव 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु कित्येक रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस कळत नाही, असे आढळून आले आणि रंगकाम सुटले. हाती राहिले यंत्रांचे रेखाटन. तेच ते पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले. तेथे बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावी भावाच्या सायकलींच्या धंद्यात शिरले.

मग कडबा कापण्याचे यंत्र निघाले, आणि लोखंडी नांगर. लाकडी नांगर माती उकरतो, लोखंडी ती उलथून टाकतो. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना. आम्ही त्या शेतकऱ्यांस हसणार नाही. ज्याच्या घरचे वर्ष एका पिकावर निघते, त्याने नव्या अवजारास भ्यावे यात नवल ते काय? लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही.

पुढे बेळगावची जागा मात्र सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी निवडुंगांनी भरलेला एक माळ दिला. तेथे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, आणि 1956 साली लक्ष्मणराव निवर्तले तोवर त्यांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या ओळखीचा होऊन गेला होता.