जुन्या कागदांसाठी गावोगाव भटकलेला माणूस शेवटी धुळ्यात का थांबला?

धुळ्यात राहत असाल तर राजवाडे संशोधन मंडळाच्या इमारतीवरून तुम्ही शंभरदा गेला असाल. आत किती वेळा गेलात, हे विचारत नाही. पण ज्याच्या नावाने हे मंडळ उभं आहे, त्या माणसाने आयुष्यभर एकच उद्योग केला. लोकांच्या घरातली जुनी दप्तरं उघडून बघायची.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. जन्म १८६३ चा. वडील लहानपणीच गेले, शिक्षण पुण्यात झालं, डेक्कन कॉलेजातून बी.ए. केलं. लग्न झालं, पण पत्नी लवकर वारली आणि त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. १८९४ मध्ये 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं, ते काही वर्षांत बंद पडलं. इथपर्यंत गोष्ट त्या काळातल्या कुठल्याही पदवीधर तरुणाची वाटते.

मग वाईत पेशवाईतल्या पत्रांचं एक घबाड हाती लागलं. पत्रं १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे थेट पानिपतपर्यंतची. तोवर मराठ्यांचा इतिहास बखरींवर नाहीतर इंग्रज अधिकारी ग्रँट डफच्या पुस्तकावर चालायचा. इथे प्रत्यक्ष त्या धामधुमीत लिहिलेला मजकूर समोर होता. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला. पुढे असे २२ खंड झाले.

हे वाचायला सोपं वाटतं, पण कागद मिळवणं महाकठीण होतं. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्या घरी दप्तरं असायची, पण दाखवायला कोण तयार? इंग्रजांच्या इनाम कमिशनने जुनी कागदपत्रं तपासून कित्येकांची इनामं काढून घेतली होती. त्यामुळे कागद मागणारा माणूस दारात आला की घरात धडकीच भरायची. बाकीच्या घरांत वाळवी, पावसाचं पाणी आणि रद्दीवाला यांनी काम आधीच उरकलेलं. राजवाडे तरीही गावोगाव फिरत राहिले. हाताने स्वयंपाक करायचा, मोडीतले कागद उतरवून घ्यायचे, पुढच्या गावाला निघायचं. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचं मराठीतच, हा हट्ट.

या कागदांत असायचं काय? लढायांपेक्षा भांडणं जास्त! गावची पाटीलकी कोणाची यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालायचे. मग दोन्ही बाजू आपापला 'करीना' लिहून द्यायच्या: आमचा मूळपुरुष कोण, तो कुठून आला, वतन कसं मिळालं. साक्षीदार जमवून निर्णय झाला की 'महजर' व्हायचा. ओसाड गाव पुन्हा वसवायचं असेल तर नव्या लोकांना 'कौल' दिला जायचा, म्हणजे सुरुवातीची वर्षं सारा कमी, मग हळूहळू वाढ. आपलं गाव पहिल्यांदा कोणी वसवलं, याचं उत्तर अशा कागदांत सापडतं. (अर्थात करीना लिहिणारा स्वतःच्याच बाजूने लिहिणार, हेही ध्यानात ठेवायचं.)

वस्ती कशी झाली, हा प्रश्न राजवाड्यांना शेवटपर्यंत सुटला नाही. १९२४ मध्ये त्यांनी 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली. उत्तर कोकणात बिंब राजाबरोबर ६६ कुळं आली, असं ही बखर सांगते. राजवाड्यांनी तिला मोठी प्रस्तावना जोडून उत्तर कोकणच्या वसाहतीचा माग काढला. गावांच्या आणि माणसांच्या नावांवरूनही ते वस्तीचा शोध घेत. त्यांच्या बऱ्याच व्युत्पत्ती आज अभ्यासकांना पटत नाहीत आणि जातींविषयीची काही मतं तर अजिबात पचत नाहीत. पण त्यांनी जमवलेले कागद या मतांवर अवलंबून नाहीत, ते वेगळे वाचता येतात.

स्वभाव तापट. १९१० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, सोबत सरदार मेहेंदळे होते. पण पुढे मतभेद झाले आणि राजवाडे तिथून बाहेर पडले. अखेरची वर्षं त्यांनी धुळ्यात काढली. हे गाव या कामाला अनोळखी नव्हतं. शंकर श्रीकृष्ण देव इथेच रामदासी हस्तलिखितं गोळा करत होते.

आणि धुळं हे स्वतःच पुन्हा वसवलेलं गाव. १८०३ च्या सुमारास होळकरांची लूट आणि दुष्काळ यांनी ते पार ओस पडलं होतं. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या बाळाजी बळवंतांनी ते परत वसवलं आणि त्याबद्दल त्यांना इनाम मिळालं. मग इंग्रज आले. कॅप्टन ब्रिग्जने इथे मुख्य ठाणं केलं आणि बुऱ्हाणपूर व इतर ठिकाणांहून व्यापारी, कारागीर आणून बसवले. जुन्या धुळ्यातल्या एखाद्या घराण्याची मुळं बुऱ्हाणपुरात निघाली, तर नवल वाटायला नको.

३१ डिसेंबर १९२६ ला राजवाडे धुळ्यातच गेले. मागे जमीनजुमला नव्हता. होते ते कागदांचे गठ्ठे, टिपणं आणि अर्धवट राहिलेलं लिखाण. ते सांभाळायला १९२७ मध्ये धुळेकरांनी मंडळ काढलं. तेच हे राजवाडे संशोधन मंडळ.